मुद्दाम करतोस का?

आठ-नऊ वर्षांची मुलगी. घसा दुखून, ताप येऊन गेल्याला दोन-चार महिने झालेत. घरात ते कुणाला आठवतही नाही. आता ती वर्गात स्वस्थ बसत नाही, सारखी चुळबुळ करते, म्हणून बाई तिला बाकावर उभं करतात. घरी हातातून कपबशी निसटते म्हणून आई धपाटा घालते. आणि पाहुण्यांसमोर आजीकडे बघून तोंड वेंगाडलं म्हणून पुन्हा एकदा मार बसतो. मेंदूविकार शिकवणाऱ्या जुन्या डॉक्टरांमध्ये हा कडवट विनोद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, की या आजाराच्या मुलाला निदानाआधी तीन शिक्षा झालेल्या असतात.

आजाराचं नाव सिडनहॅमचा कोरिया. थॉमस सिडनहॅम या इंग्रज डॉक्टरांनी १६८६ साली त्याचं वर्णन केलं. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढण्यासाठी शरीर जी प्रतिद्रव्यं तयार करतं, ती काही मुलांत मेंदूच्या आतल्या भागावरच उलटतात. हातपाय, चेहरा, जीभ यांना आपसूक झटके येऊ लागतात. जीभ बाहेर काढून ठेव म्हटलं तर ती क्षणभरही बाहेर टिकत नाही. ही हालचाल बहुधा काही महिन्यांत ओसरते, पण ज्या ऱ्हुमॅटिक तापाचा हा आजार एक भाग आहे, त्याने हृदयाच्या झडपा खराब झालेल्या असू शकतात आणि ते नुकसान जन्मभर पुरतं. वेळेत ओळखलं तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, अनेक वर्षं, एवढ्यावर झडपा वाचवता येतात. श्रीमंत देशांतून हा ऱ्हुमॅटिक ताप जवळजवळ हद्दपार झाला, आपल्याकडे नाही. त्यामुळे मुलीला ‘धांदरट’ ठरवण्यात नुसता तिचा अपमान होत नाही, वेळही जातो.

शरीर आपोआप हलू लागलं की घर, शाळा, कचेरी आणि बराच काळ दवाखानासुद्धा पहिला प्रश्न एकच विचारत आला: हे मुद्दाम चाललंय का? हा प्रश्न निर्दयी आहे हे कुणीही मान्य करील. माझं म्हणणं त्यापुढचं आहे. हा प्रश्नच बिनकामाचा आहे. त्याचं उत्तर ‘मुद्दाम नाही’ असं आलं तरी त्यातून पुढचं काहीच सुटत नाही, आणि पुष्कळदा तर त्याला धड उत्तरच नसतं.

असा संशय येण्यामागे कारण आहे. माणसाच्या प्रत्येक हालचालीत आपण हेतू शोधतो. समोरच्याने भुवई उंचावली, मान फिरवली, हात झटकला, की त्याच्या मनात काय आहे ते आपल्याला कळलं असं वाटतं. त्यावरच आपले सगळे व्यवहार चालतात. मग हेतू नसलेली हालचाल दिसली की तिला कुणीतरी कर्ता हवाच असतो. स्वतः तो माणूस नसेल तर दारू, आणि दारूही नसेल तर बाहेरचं काहीतरी.

दारूचा शिक्का किती सहज बसतो याचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकन लोकगायक वुडी गथ्री. पाय अडखळणं, बोलणं जड होणं, हात भलतीकडे जाणं, स्वभाव बिघडणं ही सगळी हंटिंग्टन आजाराची लक्षणं होती; पण अनेक वर्षं ती दारूच्या आणि वेडाच्या खात्यावर मांडली गेली. आईही याच आजाराने गेली होती, तरीही. १९५२ साली निदान झालं आणि १९६७ साली तो वारला. आपल्याकडे बसमध्ये एखादा माणूस झोकांड्या देत चढला तर शेजारची सीट कशी पटकन रिकामी होते, ते ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना विचारावं.

‘बाहेरचं’ या खात्याची मात्र जरा बारकाईने झडती घ्यायला हवी.

समजा, एका तरुणाला उलट्या होतायत. गल्लीतल्या दवाखान्यात त्याला उलटी थांबवायचं इंजेक्शन मिळतं, मेटोक्लोप्रमाइड नावाचं, अगदी रोजच्या वापरातलं औषध. उलट्या थांबतात. संध्याकाळी तो जेवायला बसतो आणि त्याची मान एका बाजूला वळू लागते. तो ती हाताने सरळ करायला बघतो, ती पुन्हा वळते. डोळे वर चढतात आणि छताकडे लागून राहतात. खाली आणता येत नाहीत. जबडा वाकडा होतो, जीभ बाहेर येते. तो शुद्धीवर असतो, सगळं ऐकत असतो, घाबरलेला असतो, पण धड बोलू शकत नाही. घरात एकच कल्लोळ. कुणी धनुर्वात म्हणतं, कुणी फिट म्हणून कांदा हुंगवतं, आणि एखादी म्हातारी अंगारा आणायला धावते. कुणाला तरी आठवतं की काल तो स्मशानाच्या रस्त्याने आला होता.

आता दोन शक्यता. त्याला रुग्णालयात नेलं आणि तिथल्या डॉक्टरने ‘आज कुठलं औषध घेतलं?’ हा एक प्रश्न विचारला, तर प्रोमेथाझिनसारखं साधं इंजेक्शन दिल्यावर थोड्याच वेळात मान सरळ होते, डोळे खाली येतात, आणि तो घरी चालत जातो. या औषधाने मेंदूतल्या डोपामिनचा मार्ग अडतो आणि काही जणांत, विशेषतः मुलांत आणि तरुणांत, असे तीव्र आकडे येतात. हे वैद्यकाला पक्कं ठाऊक आहे. दुसरी शक्यता अशी, की त्याला देवऋषीकडे नेलं. रात्रभर नारळ, लिंबू, मिरच्यांचा धूर. पहाटेपर्यंत औषध शरीरातून निघून जातं आणि मान आपोआप सरळ होते. श्रेय कुणाला जाणार हे सांगायला नको. एक पिढी त्या देवऋषीच्या नावाने नवस बोलणार, कारण डोळ्यांदेखत गुण आलेला असतो.

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, चटके देणं, मिरचीची धुरी देणं या गोष्टी त्यात गुन्हा ठरल्या. कायदा हवाच होता. पण ज्या घराने डोळ्यांनी ‘गुण आलेला’ पाहिलाय त्याला नुसत्या कायद्याच्या धाकाने पटत नाही. त्याला मेटोक्लोप्रमाइडची गोष्ट सांगावी लागते. ही गोष्ट सांगताना डॉक्टरांनाही थोडं अवघडायला होतं, कारण इथे बाधा झाली ती दवाखान्यातूनच. आम्लपित्ताच्या गोळीत मिसळून सर्रास दिलं जाणारं लेव्होसल्पिराइड, चक्करेसाठी महिनोन्‌महिने चालू ठेवलेलं सिनारिझिन, यांनीही म्हाताऱ्या माणसांत हातांना कंप सुटतो, चाल मंदावते, तोंडाचा चाळा लागतो. मग त्या कंपासाठी दुसरी गोळी सुरू होते. पहिली बंद करावी हे सुचायला बऱ्याचदा तिसरा डॉक्टर लागतो.

आता कुणी म्हणेल, हा सगळा अडाणीपणाचा भाग झाला, शिकलेल्या माणसांचं काय? तर शिकलेल्यांनी भूत काढून तिथे ‘मन’ बसवलं, आणि ते शंभर वर्षं हललं नाही.

मान आपोआप एकीकडे पिळली जाते अशा रुग्णांबद्दल डॉक्टरांना एका गोष्टीचं फार नवल वाटायचं. ताकद लावून जी मान सरळ होत नाही ती हनुवटीला एक बोट हलकेच टेकवलं की सरळ होते. काहींना गालाला स्पर्श पुरतो, काहींना नुसतं खुर्चीच्या पाठीला डोकं टेकवणं. १९व्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये एद्वार ब्रिसो यांनी यावरून निष्कर्ष काढला की हा मनाचा विकार आहे. जी मान बोटाच्या स्पर्शाने हटते तिच्यात खरा दोष असेलच कसा? तर्क वरवर बिनतोड वाटतो. रुग्णाने स्वतःच शोधून काढलेला एकमेव दिलासा हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा झाला. जो जेवढ्या शहाणपणाने आपल्या आजाराशी जुळवून घेई, तो तेवढाच ढोंगी.

१९११ साली बर्लिनमध्ये हेर्मान ओपेनहाइम यांनी या जातीच्या विकारांना डिस्टोनिया हे नाव दिलं आणि हा शरीराचा आजार आहे असं ठामपणे मांडलं. फारसं कुणी ऐकलं नाही. मेंदूच्या छेदात उघड्या डोळ्यांना काही बिघडलेलं दिसत नव्हतं, आणि जे दिसत नाही ते मनाच्या खात्यात टाकायची सोय तोवर छान रुळली होती. पुढची कित्येक दशकं मान वळणाऱ्या रुग्णांना आयुष्यातलं कुठलं सत्य तुम्हाला बघायचं नाहीये असं विचारलं गेलं.

सगळ्यात जास्त हाल झाले ते लिहिणाऱ्यांचे. हाताने भाजी चिरता येते, बटणं लावता येतात, तबल्यावर ठेका धरता येतो. फक्त पेन हातात घेतलं की बोटं आवळतात, मनगट वळतं आणि पेन कागदात रुततं. याला इंग्रज कारकुनांच्या काळापासून लेखकाचा पेटका म्हणतात. तारखात्यात मोर्सची कळ दाबणाऱ्यांना तसाच पेटका यायचा. ब्रिटनमध्ये १९०८ साली तो भरपाईपात्र आजारांच्या यादीत गेला, आणि १९११ साली सरकारी समितीने त्याचं कारण दिलं ते असं: वारंवार होणारा थकवा आणि कामगाराचा मुळातला कमकुवत नर्व्हस स्वभाव. भरपाई मिळे, पण भित्रा म्हणून. यावर कडी म्हणजे १९५५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला उपचार. रुग्णाने पेन गरजेपेक्षा जोरात दाबलं किंवा हात भरकटला की त्याला विजेचा झटका बसे. हे नामांकित वैद्यकीय नियतकालिकात, डॉक्टरांनी, उपचार म्हणून लिहिलेलं आहे. मिरचीच्या धुरीपासून ते फार लांब नाही.

लंडनचे डेव्हिड मार्सडेन यांनी १९७० आणि ८०च्या दशकांत हा सगळा पसारा आवरला. मान वळणं, पापण्या घट्ट मिटून बसणं, जबडा वाकडा होणं, लेखकाचा पेटका, ही सगळी डिस्टोनियाचीच रूपं आहेत असं त्यांनी दाखवलं. १९८२ साली शीही आणि मार्सडेन यांनी पेटका येणाऱ्यांची मानसिक तपासणी करून पाहिली. इतरांपेक्षा त्यांच्यात मनोविकार जास्त नव्हते. १९९७ साली लहानपणी सुरू होणाऱ्या एका डिस्टोनियाचा जनुक सापडला. सॅन फ्रान्सिस्कोचे डोळ्यांचे डॉक्टर अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी वापरून पाहिलेलं बोट्युलिनम विष १९८९ साली अमेरिकेत पापण्यांच्या पेटक्यासाठी मंजूर झालं. तेच बोटॉक्स. आपल्याकडे लोक ते सिनेनट्यांच्या सुरकुत्यांमुळे ओळखतात, याची मला गंमत वाटते.

लिऑन फ्लायशर या अमेरिकन पियानोवादकाच्या उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका १९६४ साली तळव्याकडे वळू लागल्या. ऐन भरातली कारकीर्द होती. पुढची तीस वर्षं त्याने फक्त डाव्या हातासाठीच्या रचना वाजवल्या, शिकवलं, वाद्यवृंद चालवला, आणि हाती लागेल तो उपचार करून पाहिला. नव्वदच्या दशकात बोटॉक्सने बोटं सैल झाली आणि तो दोन्ही हातांनी पुन्हा मैफिलीला बसला. हात पूर्ण बरा कधीच झाला नव्हता. अतिसरावाने घासून गुळगुळीत झालेली हालचालच मेंदूत बिघडते. जो सगळ्यात जास्त रियाज करतो तोच धोक्यात येतो. इच्छाशक्ती कमी पडली म्हणून आजार झाला असं म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

आता उलट बाजूने विचारले जाणारे प्रश्न घेतो, कारण ते खोटे नाहीत. ‘झोपेत कसा थांबतो मग?’ ‘टीव्हीसमोर तासभर गप्प बसतो, अभ्यासाला बसवलं की मान झटकतो.’ ‘डॉक्टरांसमोर टकाटक चालतात, घरी आले की उंबऱ्यावर अडकतात.’ घरच्या माणसांचं हे निरीक्षण अचूक असतं. चूक आहे ती त्यातून काढलेल्या अर्थाची.

मेंदूच्या पोटात, अगदी खोलवर, बेसल गँग्लिया नावाचा केंद्रांचा एक समूह आहे. एका वेळी शंभर हालचालींची तयारी चालू असते. त्यातली हवी ती सोडायची आणि बाकीच्या दाबून धरायच्या, हे काम करण्यात त्याचा मोठा वाटा असतो. हा निर्णय तो एकटा घेत नाही. कुठे लक्ष आहे, काय बक्षीस मिळणार आहे, भीती किती, सवय किती, हे सगळं तिथे येऊन मिसळतं. त्यामुळे त्या यंत्रणेतला बिघाड प्रसंगानुसार कमी-जास्त होणारच. ताण आला की कंप वाढतो, झोपेत बहुतेक हालचाली थांबतात. या चढउतारावरूनच तर जाणते डॉक्टर आजार कुठे आहे ते ओळखतात.

१८१७ साली लंडनचे जेम्स पार्किन्सन यांनी कंपवाताचं जे वर्णन केलं ते सहा जणांवरून, आणि त्यांतले काही तर त्यांनी रस्त्यात नुसते पाहिलेले होते. स्वस्थ बसल्यावर हात थरथरतो आणि काही उचलायला गेलं की थरथर कमी होते, ही खूण तेव्हापासूनची. त्याच रुग्णाची पावलं सपाट फरशीवर जमिनीला चिकटतात. दारात, वळणावर तो पुतळ्यासारखा उभा राहतो, पण जिना मात्र चढून जातो. मिलेहा सोनेजी या भारतीय डिझायनरने आपल्या काकांचं हेच पाहिलं आणि घरातल्या सपाट जमिनीवर जिन्याच्या पायऱ्यांचा आभास होईल असं चित्र पसरून दिलं. काका त्यावरून चालू लागले. माझ्या मते या विषयावर इतकं शहाणपणाचं काम थोड्यांनी केलं असेल. जिन्यावर चालतोस मग इथे का नाही, असं विचारत बसण्यापेक्षा तिने जिनाच खाली आणला.

टिक्सची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. जॉर्ज जिल द ला तुरेत यांनी १८८५ साली नऊ रुग्णांवरून जो विकार नोंदवला त्यात डोळे मिचकावणं, खांदे उडवणं, घशातून आवाज काढणं आणि क्वचित शिवीगाळ असते. सिनेमावाल्यांनी ती शिवीगाळच उचलली. प्रत्यक्षात ती थोड्याच रुग्णांत दिसते. टिक दाबता येतो. आतून एक कळ दाटून येते, शिंक यावी तशी, आणि ती काही काळ रोखता येते. मग मोकळं केल्याशिवाय चैन पडत नाही. शाळेत सहा तास रोखून धरलेलं मूल घरी येऊन अर्धा तास नुसतं झटकत राहतं. शाळा म्हणते, आमच्याकडे काहीच करत नाही, तुमचेच लाड. आई म्हणते, शाळेचा धाक आहे, घरचा नाही. मूल म्हणत काहीच नाही.

हे मुद्दाम की आपोआप? मार्सडेन यांच्याच गटाने १९८१ साली मेंदूच्या विद्युतलहरी मोजल्या. स्वतःहून हात हलवण्याआधी मेंदूत जी तयारीची लहर उठते ती रुग्णांच्या टिक्सआधी दिसली नाही; पण तीच हालचाल मुद्दाम करायला सांगितल्यावर दिसली. म्हणजे फरक आहे. पण रुग्णांना विचाराल तर त्यांतले कितीतरी सांगतात की शेवटच्या क्षणी ‘मीच करतो, न करून भागत नाही म्हणून करतो’. कळ आली की वेगळी, तिला अडवणारी हालचाल करायची, असं प्रशिक्षण दिल्याने टिक्स कमी होतात, हेही सिद्ध झालेलं आहे. त्यावरून ‘बघा, मनावर घेतलं तर होतं’ असं कुणी म्हणत असेल तर त्याने फ्रॅक्चरनंतर चालायला शिकणाऱ्यालाही तेच सुनवावं.

या वादातलं सगळ्यात अवघड प्रकरण म्हणजे ज्यांना आज ‘फंक्शनल’ हालचाली म्हणतात ते. पूर्वीचं नाव हिस्टेरिया. कंप खरा असतो, पण दुसऱ्या हाताने ठरावीक तालात टिचक्या मारायला सांगितल्या की तो तरी थांबतो, नाहीतर त्या तालात मिसळून जातो. कंपवाताचा कंप तसा मिसळत नाही. जुन्या डॉक्टरांच्या हाती हा पुरावा लागला की खटला संपायचा: पकडला चोर. पण या रुग्णांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली तेव्हा ‘ही हालचाल माझी’ अशी जाणीव निर्माण करणाऱ्या भागाचं काम त्या क्षणी मंदावलेलं दिसलं. ते फसवत नाहीत. हालचाल त्यांचीच असून त्यांना ती आपली वाटत नाही. एडिंबराचे जॉन स्टोन आणि त्यांचे सहकारी आता ही खूण रुग्णालाच दाखवतात, आनंदाने: हे बघा, यंत्र शाबूत आहे, म्हणजे सुधारणेला वाव आहे. तपासणी तीच राहिली, तिचा वापर पार बदलला. सोंग घेणारे अगदीच नसतात असं नाही. पण त्यांना पकडण्यासाठी उरलेल्या सगळ्यांची उलटतपासणी करण्याचं काम दवाखान्याने घ्यायचं कारण नाही.

‘मुद्दाम नाही’ एवढ्याने सुटका होते असंही समजू नये. दोष माणसावरून उठला की रक्तावर जाऊन बसतो. जॉर्ज हंटिंग्टन या बावीस वर्षांच्या डॉक्टरने १८७२ साली लाँग आयलंडवरच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा कोरिया नोंदवला. वडील आणि आजोबाही डॉक्टर असल्याने तीन पिढ्यांचं निरीक्षण त्याच्या हाताशी होतं. ते सुंदर शास्त्रीय काम होतं. १९१६ साली त्याच आजाराचा हवाला देऊन अमेरिकेतल्या चार्ल्स डेव्हनपोर्टने अशा घराण्यांना मुलं होऊ न देण्याचा पुरस्कार केला, आणि १९३३ साली जर्मनीत सक्तीच्या नसबंदीचा जो कायदा झाला त्याच्या यादीत हंटिंग्टनचं नाव लिहिलेलं होतं. पुढे १९९३ साली याचा जनुक सापडला तो व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या गरीब कोळी कुटुंबांनी दिलेल्या रक्तामुळे, हे मात्र कमी लोकांना माहीत असतं.

आपल्याकडे हे काम कायदा नाही, स्थळं बघणारे करतात. घरात ‘तसलं काही’ आहे हे कळलं की धाकटीचं लग्न अडतं, म्हणून थोरल्याचा कंप झाकायचा. या झाकाझाकीची खरी किंमत विल्सनच्या आजारात मोजावी लागते. किनिअर विल्सन यांनी १९१२ साली वर्णन केलेल्या या आजारात यकृत तांबं बाहेर टाकू शकत नाही. ते मेंदूत साठतं. सुरुवात कशी होते? अक्षर बिघडतं, मार्क घसरतात, बोलणं बोबडं होतं, मूल चिडचिडं होतं, मग हात वळू लागतात. बाई म्हणतात, लक्ष नाही. डोळ्यांच्या डॉक्टरच्या यंत्राखाली बुबुळाभोवती तपकिरी कडं दिसतं आणि निदान होतं. १९५६ साली जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन वापरून दाखवल्यापासून हा उपचार असलेला आजार आहे. गोळी जन्मभर घ्यायची, पण सुरुवातीला पकडला तर मूल शाळेत परत जातं. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आला तरच हा आजार होतो, त्यामुळे मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक करण्याची आपली जुनी रीत इथे महागात पडू शकते. एका मुलात निदान झालं की भावंडांची तपासणी व्हायलाच हवी. झाकलं तर ती कशी होणार?

मग प्रश्न कुठला विचारायचा? बँकेच्या काउंटरवर बघा. कंपवाताचा निवृत्त माणूस पैसे काढायला आलाय. कार्डावरची वीस वर्षांपूर्वीची सही ऐटदार, शेपटी काढलेली. आज पहिलं अक्षर कसंबसं मोठं येतं आणि पुढची बारीक होत होत मुंग्यांच्या रांगेसारखी कागदाच्या कडेला जातात. ‘काका, सही जुळत नाही. पुन्हा करा.’ मागे रांग. ताण वाढला की कंप वाढतो, चौथी सही पहिलीपेक्षा वाईट. खरं तर रिझर्व्ह बँकेच्या सूचना जुन्याच आहेत: आजारी, वृद्ध खातेदाराला सही जमत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर, त्यांतला एक बँकेचा अधिकारी, अंगठा किंवा पायाच्या बोटाचा ठसासुद्धा चालतो. काउंटरवरच्या माणसाला हे माहीत नसतं आणि काकांना मागायची लाज वाटते. तुम्हाला सही का जमत नाही, याच्याशी बँकेला काहीही कर्तव्य नाही. पैसे त्यांचे आहेत एवढं तिने बघावं.

परीक्षेतही तेच. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसलेल्या एका तरुणाला लेखकाचा पेटका होता. त्याने लेखनिक मागितला. आयोगाने नाकारला, कारण त्याचं अपंगत्व ४० टक्क्यांच्या सरकारी रेषेच्या खाली होतं. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात हरला, दिल्ली उच्च न्यायालयात हरला. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने त्याच्या बाजूने निकाल दिला: लिहिण्यात अडचण असेल तर लेखनिक मिळाला पाहिजे, ४० टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे, सोयीसाठी नाही. सवलतीचा गैरवापर होईल हे सरकारी बाजूचं भय होतंच. काही लोक गैरफायदा घेतील म्हणून गरजूंना नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने बजावलं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण पेटक्याच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात ‘हा खरंच का?’ या प्रश्नाला एखाद्या मोठ्या संस्थेने इतक्या स्पष्टपणे दुय्यम ठरवलेलं मी अन्यत्र वाचलेलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकभरतीच्या परीक्षांबाबत, पुन्हा हाताच्या डिस्टोनियाच्याच प्रकरणात, न्यायालयाला तेच परत सांगावं लागलं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. पार्किन्सन्स त्यात नावानिशी आहे; डिस्टोनिया आणि तुरेत नाहीत. न्यायालयाच्या आदेशानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्राने ४० टक्क्यांखालच्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार सरकारी वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. मंडळावर जिल्हा शल्यचिकित्सक, हाडांचे डॉक्टर, मानसतज्ज्ञ वगैरे असतात. न्यूरॉलॉजिस्ट मात्र ‘उपलब्ध असल्यास’. जिल्ह्याच्या गावी तो किती वेळा उपलब्ध असतो हे नांदेड-गडचिरोलीकडच्या वाचकांना विचारायची गरज नाही. हाडांचा डॉक्टर मनगट फिरवून बघतो: ताकद पूर्ण, सांधे मोकळे, एक्स-रे स्वच्छ. उमेदवार दोन ओळी लिहून दाखवतो, त्या ठीकठाक येतात, कारण पेटका बहुतेकदा दुसऱ्या पानावर येतो. अशा वेळी मंडळाने फार काही करायला नको. त्याला कोरा कागद द्यावा, घड्याळ लावावं, अर्धा तास सलग लिहायला सांगावं, शेजारी बसून हाताकडे बघत राहावं, आणि अक्षराचं पहिलं व शेवटचं पान प्रमाणपत्राला जोडावं. सूचनांमध्ये एवढी दुरुस्ती करायला ना नवा कायदा लागतो ना पैसा.